सिंहासन गेले, सूर उरले : हवाईचा राजा कलाकौआ

नागपूर आणि होनोलुलू ही दोन शहरे जगाच्या नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेस एकवीस अंशांच्या थोडी पुढे. एक शहर भारताच्या मध्यभागी, समुद्रापासून शेकडो कोस दूर. दुसरे प्रशांत महासागराच्या मधोमध, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले. या दोन शहरांच्या इतिहासात ११ डिसेंबर ही एक समान तारीखही आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले नागपुरात निवर्तले. औरस पुत्र नाही, या सबबीवर लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारच्या घशात गेले. त्यानंतर १९ वर्षांनी, ११ डिसेंबर १८७२ रोजी, हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा वारस न नेमताच मरण पावला. हवाईचे राज्य मात्र त्या दिवशी संपले नाही. ते आणखी वीस वर्षे टिकले, आणि त्यातील सतरा वर्षे ज्या राजाच्या हाती होती त्याचे नाव डेव्हिड कलाकौआ.

जगप्रदक्षिणा करणारा इतिहासातील पहिला राज्यकर्ता म्हणून कलाकौआ ओळखला जातो. त्या प्रदक्षिणेत १८८१च्या उन्हाळ्यात त्याने कोलकाता ते मुंबई असा आगगाडीचा प्रवासही केला होता. विनोदी, खुशालचेंडू राजा अशी त्याची प्रतिमा त्याच्या विरोधकांनी रंगवली आणि ती बराच काळ टिकली. परंतु त्याच्या आयुष्याची पाने उलटली, तर एका लहान देशाच्या जगण्याची धडपडच त्यातून वाचायला मिळते.

बेटांचा देश

हवाई म्हणजे ज्वालामुखींनी समुद्रातून वर उचललेल्या बेटांची माळ. त्यात मुख्य बेटे आठ. सर्वांत मोठ्या बेटाचे नाव हवाई, आणि तेच साऱ्या देशाला मिळाले. त्या बेटावरील मौना केआ हे शिखर समुद्रसपाटीपासून ४ हजार २०० मीटरहून उंच आहे. शेजारचे मौना लोआ आणि किलाउएआ हे ज्वालामुखी आजही जिवंत आहेत. राजधानी होनोलुलू ओआहू बेटावर आहे. सर्व बेटांची जमीन एकत्र केली, तर ती नागपूर जिल्ह्याच्या दुपटीलाही पोहोचत नाही. सर्वांत जवळचा मोठा किनारा अमेरिकेचा, तोही सुमारे ३ हजार ८०० किलोमीटर दूर. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगरांना अडतात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या बेटाची एक बाजू दाट हिरवी आणि दुसरी कोरडी. या कोरड्या बाजूला पाणी नेण्याच्या खटपटीतूनच पुढे साखरेचे साम्राज्य उभे राहिले.

इथले मूळ रहिवासी पॉलिनेशियन. दक्षिणेकडील बेटांवरून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने होड्या हाकत ते शेकडो वर्षांपूर्वी येथे पोहोचले. सामोआ, टोंगा, ताहिती आणि न्यूझीलंडचे माओरी हे त्यांचे भाषाबंधू. अळूचे कंद ठेचून केलेला 'पोई' हे त्यांचे मुख्य अन्न. लिपी नव्हती, वंशावळी, देवकथा आणि इतिहास हे सारे मुखोद्गत पाठांत आणि 'हुला' या नृत्यात जपलेले.

१७७८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक येथे पोहोचला. त्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या कामेहामेहाने युद्धे आणि तह करून सर्व बेटे एका छत्राखाली आणली. १८१० पर्यंत हे काम पूर्ण झाले. १८२० मध्ये अमेरिकेतून ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांनी भाषेला रोमन लिपी दिली, शाळा काढल्या. काही दशकांतच साक्षरतेत हा देश जगातील पुढारलेल्या देशांच्या पंक्तीत जाऊन बसला. १८४० मध्ये हवाईला लिखित राज्यघटना मिळाली आणि १८४३ मध्ये ब्रिटन व फ्रान्सने त्याचे स्वातंत्र्य मान्य केले. राजा, मंत्रिमंडळ, विधिमंडळ, न्यायालय, वकिलाती असा आधुनिक राज्याचा सारा सरंजाम या बेटांवर उभा होता.

एका गोष्टीवर मात्र कोणाचाच इलाज चालत नव्हता. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर गोवर, देवी, क्षय आणि गुप्तरोग आले. बाहेरच्या जगाशी कधीच संबंध न आलेल्या या माणसांच्या शरीरांत त्या रोगांविरुद्ध बळ नव्हते. कुक आला तेव्हा लाखोंच्या घरात असलेली वस्ती १८७२च्या जनगणनेत सुमारे ५७ हजारांवर आली होती, आणि तीही परकीयांसह. १८८१च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहरात सुमारे ९८ हजार माणसे राहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे हे राज्य किती लहान होते याची कल्पना येते.

सरदारांच्या शाळेत

कलाकौआचा जन्म १६ नोव्हेंबर १८३६ रोजी होनोलुलू येथे झाला. वडील कापाआकेआ आणि आई केओहोकालोले हे दोघेही उच्च सरदार घराण्यातील. जन्मतःच मूल दुसऱ्या कुटुंबात वाढवण्यास देण्याची 'हानाई' नावाची चाल तेथे होती. आपल्याकडील दत्तकविधीशी तिचे साम्य आहे, मात्र मूळ आईबापांशी नाते त्यात तुटत नसे. कलाकौआही असाच दुसऱ्या घरी वाढला. त्याच्या मागे दोन वर्षांनी जन्मलेली बहीण लिलिउओकलानी हीदेखील दुसऱ्या सरदाराच्या घरी गेली.

मिशनरी दांपत्य कुक यांनी सरदारपुत्रांसाठी चालवलेल्या शाळेत तो शिकला. ज्यांच्या वाट्याला सिंहासन येऊ शकेल अशीच मुले त्या शाळेत असत, आणि पुढील पाच राज्यकर्ते याच शाळेतून निघाले. १८४० मध्ये त्याच्या आजोबांना पत्नीच्या खुनाबद्दल फाशी झाली, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. ख्रिस्ती कायदा आणि जुनी सरदारी यांच्यातील तणाव त्याच्या घरात असा अगदी लहानपणीच शिरला.

इंग्रजी आणि हवाईयन या दोन्ही भाषांवर त्याने प्रभुत्व मिळवले. कायद्याचा अभ्यास केला, लष्करात काम केले, १८६३ पासून टपाल खात्याचा प्रमुख होता, पुढे पाचव्या कामेहामेहाच्या दरबारात कामगार म्हणून राहिला आणि १८७० मध्ये वकिलीची सनद मिळवली. हाताशी सरदारकी होती, मोठी संपत्ती नव्हती. सरकारी नोकरीतून वर चढलेला हा राजा कारभाराच्या सर्व पायऱ्या पाहून सिंहासनापर्यंत पोहोचला.

मतदानातून मिळालेले सिंहासन

राजा वारस न नेमता मेला, तर विधिमंडळाने सरदारांमधून नवा राजा निवडावा, अशी तरतूद हवाईच्या १८६४च्या घटनेत होती. म्हणूनच १८७२ मध्ये तेथे डलहौसी निर्माण होऊ शकला नाही. त्या निवडणुकीत कलाकौआ उभा राहिला आणि लोकप्रिय लुनालिलोकडून सपशेल हरला. परंतु लुनालिलोची कारकीर्द वर्षभराचीच ठरली. फेब्रुवारी १८७४ मध्ये क्षयाने तो गेला आणि त्यानेही वारस नेमला नव्हता.

आता सामना होता कलाकौआ आणि चौथ्या कामेहामेहाची विधवा राणी एमा यांच्यात. एमा इंग्लंडकडे झुकलेली आणि सामान्य लोकांत प्रिय. कलाकौआच्या बाजूने अमेरिकन व्यापारी आणि बहुसंख्य आमदार. १२ फेब्रुवारी १८७४ रोजी विधिमंडळात मतदान झाले. कलाकौआला ३९ मते मिळाली, एमाला ६. निकाल ऐकताच एमाचे समर्थक न्यायालयाच्या इमारतीत घुसले, आमदारांना मारहाण झाली, सामान खिडक्यांतून बाहेर फेकले गेले. शेवटी बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश युद्धनौकांवरील सैनिकांना उतरवून दंगल शमवावी लागली.

परकीय सैनिकांच्या बंदोबस्तात राज्यारोहण, हा त्याच्या कारकिर्दीचा पहिला दिवस होता. त्यातील अपशकुन ओळखायला पुढे फार वर्षे लागली नाहीत. राजा होताच त्याने सर्व बेटांचा दौरा केला, खेड्यापाड्यांत जाऊन लोकांना भेटला आणि वारस म्हणून धाकट्या भावाचे नाव जाहीर केले. तो भाऊ १८७७ मध्ये ऐन तारुण्यात मरण पावला, तेव्हा वारसाहक्क बहीण लिलिउओकलानीकडे आला. कलाकौआ आणि त्याची राणी कापिओलानी यांना अपत्य नव्हते.

साखरेचा करार

हवाईची अर्थव्यवस्था तेव्हा खंगली होती. व्हेलच्या शिकारीसाठी येणाऱ्या जहाजांवर पूर्वी बंदरे जगत. तो धंदा बसला. आशा होती ती उसाची. उसाचे मळे प्रामुख्याने अमेरिकन मिशनऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांच्या हाती होते आणि साखरेची बाजारपेठ होती अमेरिकेत. पण तेथे जकात जबर. १८७४च्या अखेरीस कलाकौआ स्वतः अमेरिकेस गेला. सिंहासनावर असताना त्या देशाला भेट देणारा तो पहिला राजा. अध्यक्ष ग्रँट यांनी त्याचे स्वागत केले आणि १८७५ मध्ये दोन्ही देशांत परस्पर व्यापाराचा करार झाला. हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली. बदल्यात आपले कोणतेही बंदर वा प्रदेश दुसऱ्या सत्तेला न देण्याचे वचन हवाईने दिले.

करार फळला. पुढील पंधरा वर्षांत साखरेची निर्यात सुमारे दहा पट झाली. पाटबंधारे, गिरण्या, रेल्वे उभी राहिली, खजिना भरला. परंतु या भरभराटीच्या पोटातच संकट वाढत होते. देशाचे सारे उत्पन्न एका पिकावर आणि एका गिऱ्हाईकावर येऊन ठेपले. मळ्यांचे मालक राजापेक्षा श्रीमंत झाले. कॅलिफोर्नियातील साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्स याने माउई बेटावर प्रचंड मळा उभारला. त्याला पाण्याचे हक्क देण्यास मंत्रिमंडळ कचरत होते, म्हणून १८७८ मध्ये कलाकौआने ते मंत्रिमंडळच बरखास्त केले. त्याच सुमारास स्प्रेकल्सने राजाला मोठे कर्ज दिले. राजा कोणाच्या मिंध्यात आहे, याची चर्चा होनोलुलूत उघड होऊ लागली.

मळ्यांना मजूर हवे होते आणि हवाईयन लोक तर घटत चालले होते. म्हणून चीनमधून, पोर्तुगालच्या बेटांवरून आणि पुढे जपानमधून माणसे आणली गेली. साखरेने देश श्रीमंत केला, पण त्याच देशात हवाईयन माणूस अल्पसंख्य होत गेला. १८९०च्या जनगणनेत सुमारे ९० हजारांच्या वस्तीत हवाईयन आणि मिश्र रक्ताचे मिळून जेमतेम साडेचाळीस हजार उरले होते.

जगप्रदक्षिणा आणि मुंबई

मजूर मिळवणे आणि जगाची ओळख करून घेणे या दोन हेतूंनी कलाकौआ २० जानेवारी १८८१ रोजी होनोलुलूहून निघाला. सोबत महाधिवक्ता विल्यम आर्मस्ट्राँग, दरबारी अधिकारी चार्ल्स जड आणि एक सेवक, एवढाच लवाजमा. राज्य सांभाळायला लिलिउओकलानी होती. त्याच वर्षी होनोलुलूत देवीची साथ आली, तेव्हा बंदर बंद करण्याचा कठोर निर्णय तिने घेतला.

पहिला महत्त्वाचा मुक्काम जपान. एवढा मान कलाकौआला कोणत्याही देशात क्वचितच मिळाला असेल. तेथे त्याने सोबत्यांना न सांगता सम्राट मेइजी यांची भेट घेतली आणि दोन प्रस्ताव मांडले. एक, त्याची पाच वर्षांची भाची कायुलानी आणि एक जपानी राजपुत्र यांचा विवाह; दुसरा, आशियातील देशांचा एक संघ. पाश्चात्त्य सत्तांपुढे एकट्या देशाचा निभाव लागणार नाही, हे त्याने ओळखले होते. जपानने दोन्ही प्रस्ताव सौजन्याने नाकारले. परंतु मजुरांच्या स्थलांतराची बोलणी पुढे सरकली आणि १८८५ मध्ये जपानी मजुरांचे पहिले सरकारी जहाज होनोलुलूला लागले.

चीन, हाँगकाँग, सयाम, सिंगापूर, जोहोर, रंगून असे मुक्काम करीत तो मे महिन्याच्या अखेरीस कोलकात्याला पोहोचला. तेथून भर उन्हाळ्यात आगगाडीने मुंबई. कोलकाता-मुंबई हा थेट लोहमार्ग तेव्हा जबलपूर, खांडवा, भुसावळ असा जात असे. नागपूरची गाडी १८६७ मध्ये सुरू झाली होती, पण ती भुसावळहून फुटणारी शाखा होती. नागपूरमार्गे कोलकात्याचा सरळ रस्ता खुला व्हायला १८९१ साल उजाडावे लागले. त्यामुळे हा पाहुणा नागपूरला बगल देऊनच मुंबईला गेला आणि जूनच्या आरंभी तेथून बोटीने सुएझकडे रवाना झाला.

त्या काळी हिंदुस्थानात राजेमहाराजे पुष्कळ होते. परंतु परक्या देशाशी स्वतःच्या नावाने तह करण्याचा अधिकार त्यांतील एकालाही नव्हता. कोट्यवधी प्रजा असलेल्या संस्थानिकांच्या दारात ब्रिटिश रेसिडेंट बसलेला होता. सत्तावन-अठ्ठावन हजार प्रजेच्या या राजाकडे मात्र तो अधिकार होता. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीने, रोममध्ये पोप तेरावा लिओ यांनी त्याला भेट दिली ती स्वतंत्र देशाचा राजा म्हणून. हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला गेले, फिजीत तर १८७९ पासून गिरमिटियांची जहाजे लागू लागली होती. हवाईतही हिंदुस्थानातून मजूर आणण्याचा विचार झाला, पण तो फळाला आला नाही. अन्यथा मॉरिशसमधील मराठी वस्तीसारखी एखादी वस्ती होनोलुलूतही दिसती.

न्यूयॉर्कमध्ये त्याने थॉमस एडिसनची भेट घेऊन विजेच्या दिव्यांची माहिती करून घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो मायदेशी परतला. या प्रवासाचे वर्णन आर्मस्ट्राँगने राजाच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने लिहिले. त्यात राजाची टवाळी भरपूर आहे. कलाकौआचा खुशालचेंडू असा जो लौकिक झाला, त्यात या एकतर्फी पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

राजवाडा आणि हुला

परतल्यावर त्याने 'इओलानी' राजवाड्याचे काम १८८२ मध्ये पूर्ण केले. त्यासाठी तीन लाखांहून अधिक डॉलर लागले. थोड्याच वर्षांत तेथे विजेचे दिवे लागले; अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये वीज आली ती त्यानंतर. निवडणुकीला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, १२ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्याने स्वतःच्या हाताने मस्तकावर मुकुट ठेवून राज्याभिषेक करवून घेतला. मळेवाल्यांना ही उधळपट्टी वाटली आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली.

त्यांना अधिक झोंबले ते समारंभातील हुला नृत्य. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३० मध्ये या नृत्याला बंदी झाली होती. पुढे परवाना घेऊन, कर भरून ते करण्याची मुभा मिळाली. खेड्यांत, आडोशाला ते कसेबसे तगले होते. कलाकौआने ते राजवाड्याच्या अंगणात आणले. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीही हुला झाले. जुन्या गुरूंना मान मिळाला, पाठ उतरवून घेण्यात आले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजघराण्यापर्यंतची परंपरा सांगणारे 'कुमुलिपो' हे दोन हजारांहून अधिक ओळींचे स्तोत्र त्याने १८८९ मध्ये छापून घेतले. तोंडी परंपरेतील हा ठेवा कागदावर आला नसता, तर तो जाणकारांबरोबर मातीत गेला असता. हवाईचे राष्ट्रगीतही त्याच्याच लेखणीतून उतरले. पोर्तुगीज मजुरांनी आणलेल्या छोट्या तंतुवाद्यातून घडलेल्या 'युकुलेली'ला त्याने दरबारात स्थान दिले.

प्रजेची संख्या वाढावी, हे त्याच्या कारकिर्दीचे ध्येय होते. राणी कापिओलानीने प्रसूतिगृह सुरू केले. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला तिने १८८४ मध्ये भेट दिली आणि त्यांच्या निरोगी मुलींसाठी वसतिगृह काढले. आनंदवन जवळून पाहिलेल्या विदर्भातील वाचकांना त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. हुशार तरुणांना सरकारी खर्चाने इटली, इंग्लंड, जपान, चीन येथे शिकायला पाठवण्याची योजनाही कलाकौआचीच.

चुका राजाच्या, फायदा मळेवाल्यांचा

कलाकौआच्या कारभारात दोष नव्हते, असे म्हणता येणार नाही. माणसांची पारख त्याला जमली नाही. १८८० मध्ये मोरेनो नावाच्या इटालियन साहसी गृहस्थाला त्याने मंत्री केले. ते मंत्रिमंडळ चारपाच दिवसांत कोसळले. वॉल्टर गिब्सन या पंतप्रधानाच्या सल्ल्याने खर्च बेसुमार वाढला. १८८६ मध्ये अफूच्या परवान्यासाठी एका चिनी व्यापाऱ्याकडून सत्तर हजारांहून अधिक डॉलर घेतले गेले आणि परवाना भलत्यालाच मिळाला. या प्रकरणाने राजाची अब्रू गेली.

त्याच सुमारास त्याने सामोआशी संघराज्य करण्याचा बेत आखला. पॉलिनेशियातील राज्यांनी एकत्र यावे, ही कल्पना मोठी होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये सामोआच्या राजाने करारावर सहीही केली. परंतु सामोआवर जर्मनीचा डोळा होता. हवाईने पाठवलेल्या एकुलत्या एका युद्धनौकेवर शिस्तीचा पत्ता नव्हता. जर्मनीने डोळे वटारताच बेत गुंडाळावा लागला.

विरोधकांना हवे ते निमित्त मिळाले. मळेवाले, व्यापारी आणि मिशनऱ्यांच्या वंशजांनी एक गुप्त संघटना उभारली. 'होनोलुलू रायफल्स' ही स्वयंसेवकांची सशस्त्र तुकडी त्यांच्या मुठीत होती. राणी आणि लिलिउओकलानी व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठी इंग्लंडमध्ये असतानाच त्यांनी डाव साधला. गिब्सनला हद्दपार केले आणि ६ जुलै १८८७ रोजी बंदुकांच्या धाकाने नव्या घटनेवर राजाची सही घेतली. ती 'संगिनींची घटना' म्हणूनच ओळखली जाते.

या घटनेने राजा नामधारी झाला. मंत्रिमंडळ बदलण्याचा अधिकार विधिमंडळाकडे गेला. वरिष्ठ सदस्यांच्या निवडीसाठी मालमत्तेची वा उत्पन्नाची मोठी अट घातली गेली, त्यामुळे बहुसंख्य हवाईयन त्या मतदानातून बाद झाले. चिनी आणि जपानी रहिवाशांना मताधिकारच उरला नाही. उलट नागरिकत्व न घेतलेल्या अमेरिकन व युरोपीय रहिवाशांना मत मिळाले. त्याच वर्षी व्यापारी कराराची मुदत वाढवताना अमेरिकेने पर्ल हार्बरच्या वापराचा अनन्य हक्क पदरात पाडून घेतला. १९४१ मध्ये जगाला ज्या बंदराचे नाव कळले, त्याची किल्ली या राज्याने अशी साखरेच्या बदल्यात गमावली होती.

१८८९ मध्ये रॉबर्ट विल्कॉक्स या तरुणाने जुनी घटना परत आणण्यासाठी सशस्त्र उठाव केला. राजाच्याच योजनेतून तो इटलीत लष्करी शिक्षण घेऊन आला होता. उठाव एका दिवसात मोडला. सात जण ठार झाले.

काळ्या पताका

पुढे प्रकृती ढासळत गेली. १८९०च्या अमेरिकन कायद्याने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील जकात उठवली आणि हवाईची सवलत निरर्थक झाली. मळे हादरले. नोव्हेंबर १८९० मध्ये कलाकौआ अमेरिकन युद्धनौकेतून कॅलिफोर्नियाला गेला. तेथे मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठले. अखेरच्या दिवसांत एडिसनच्या फोनोग्राफवर त्याचा आवाज मुद्रित करण्यात आला. ती मेणाची नळी होनोलुलूच्या संग्रहालयात आहे, पण त्यावरील शब्द आता जवळजवळ ऐकू येत नाहीत. २० जानेवारी १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात त्याचे निधन झाले. जगप्रदक्षिणेस निघाल्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती.

तारायंत्र तेव्हा हवाईपर्यंत पोहोचलेले नव्हते. होनोलुलूचे लोक राजाच्या स्वागतासाठी कमानी उभारीत होते. २९ जानेवारीला जहाज दृष्टिपथात आले, तेव्हा त्यावर शोकाची काळी वस्त्रे दिसली. स्वागताच्या कमानी त्याच दिवशी काळ्या कापडाने झाकल्या गेल्या आणि लिलिउओकलानीने राणीपदाची शपथ घेतली.

तिने नवी घटना आणण्याचा प्रयत्न करताच १७ जानेवारी १८९३ रोजी त्याच मंडळींनी, अमेरिकन नौसैनिक शहरात उतरलेले असताना, तिचे राज्य उलथवले. १८९५ मध्ये तिला इओलानी राजवाड्याच्याच एका खोलीत कैदेत ठेवण्यात आले. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली आणि १९५९ मध्ये हवाई त्या देशाचे पन्नासावे राज्य झाले. राज्य उलथवण्यातील सहभागाबद्दल अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये औपचारिक माफी मागितली. माफीबरोबर राज्य मात्र परत आले नाही.

काय उरले?

भोसल्यांच्या राज्यापाठोपाठ त्यांच्या जडजवाहिराचा आणि हत्तीघोड्यांचा लिलाव झाला. ही सल नागपूरकरांच्या इतिहासात आजही आहे. इओलानी राजवाड्यातील सामानसुमानही असेच लिलावात विकले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील नागरिकांनी जगभर शोध घेऊन खुर्च्या, मेजे, भांडी एकेक करून परत मिळवली. आज तो राजवाडा संग्रहालय आहे.

१८९६ मध्ये शाळांतून हद्दपार झालेल्या हवाईयन भाषेला १९७८ मध्ये राज्यभाषेचा दर्जा परत मिळाला. कलाकौआने लिहिलेले राष्ट्रगीत आता राज्यगीत आहे. हिलो या गावी १९६४ पासून त्याच्या नावाने हुला महोत्सव भरतो आणि एकेकाळी परवाना काढून करावे लागणारे ते नृत्य पाहायला जगभरातून लोक येतात.

आणि ज्या साखरेसाठी हे सारे घडले ती? हवाईतील शेवटचा साखर कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला. तो माउई बेटावर होता, आणि त्याची कंपनी स्थापन केली होती स्प्रेकल्सनेच. मळ्यांसाठी राजाचे अधिकार काढून घेणाऱ्यांचा धंदा सव्वाशे वर्षांत मावळला. राजाने अंगणात नाचवलेला हुला मात्र त्या बेटांवर आजही मुले-मुली गुरूंपुढे बसून शिकत आहेत.